माय असलेल्यांना लोणचं नाही

आमच्या शेजारच्या तानुकाकूच्या घरी पाहुणा टेकला, की पाण्याच्या तांब्याबरोबर प्रश्न यायचा, "माय हाय का?" आहे म्हटलं, की ताटात जवसाची चटणी. नाही म्हटलं, तरच काकू उठायची, बरणीचा दादरा सोडायची आणि लोणच्याची एक फोड वाढायची. परक्या माणसाला असं विचारतात का, म्हणून मी तिला कितीदा सुनावलं. मी मानवत-पाथरी जीप चालवतो, गोड बोलून पोट भरणारा माणूस. काकूला त्याचं काही नाही.

लोणचं म्हणाल तर चारचौघींसारखंच. मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तिखट, मीठ आणि करडईचं तेल. कैऱ्या तर दरसाल मीच फोडून देतो.

माझी माय गेली, त्या वर्षी काकूने मला पहिल्यांदा ती फोड वाढली. घास तोंडातच राहिला. माझी माय लोणच्यात गूळ टाकायची आणि मेथी हमखास करपवायची. काकूच्या बरणीत गुळाचा खडाही नव्हता, पण माझ्या जिभेवर तो गूळ होता आणि ती करपलेली मेथीही होती. अंगावर सर्रकन काटा आला. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. मी आणखी एक फोड मागून घेतली.

ज्याला त्याला आपापली माय लागायची. सेलूचा कापसाचा व्यापारी असो की ऊसतोडीहून परतलेला गडी, जेवता जेवता डोळे पुसायचा. काकू तिकडे बघायची नाही, भाकरी थापत राहायची. तुला कसं लागतं, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, तिची माय ती रांगत असतानाच गेली, तिच्या हातचं खाल्लंच नाही, मग लागणार काय? आणि माय असलेल्यांना का वाढत नाहीस, यावर तिचं उत्तर एवढंच होतं, "एखाद्याला जेवता जेवताच कळायचं. कुनाला ताटावर कळू न्हाई."

तिची सून राजेश्री या सगळ्याला हसायची. राजेश्रीची माय पाथरीला, धडधाकट. घरच्या माणसाला बरणीपासून कोण अडवणार? ती आपल्या हाताने फोड काढून घ्यायची आणि नाक मुरडून म्हणायची, लय खारट. एरवी सासवा अशा बोलण्यावर उसळतात. काकूचा चेहरा मात्र ते 'खारट' ऐकून खुलायचा. पोटची लेक नव्हती तिला, सगळा जीव या सुनेवर.

परवा दुपारी मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. काकू चुलीपुढे होती. राजेश्रीने नेहमीसारखी फोड घेतली, चाखली आणि हसत बोटं चाटली.

"आत्याबाई, आज जमलं बगा तुमाला. आमच्या मायच्या हातचं लागायलंय."

काकूचा थापता हात थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी ती उलटेना. मी हातातला घास ताटात ठेवला. राजेश्री एकटीच मजेत जेवत होती.

"भुजंग, जीप काढ," काकू म्हणाली. मग सुनेसमोर येऊन बसली आणि तिच्या भाकरीवर तूप घातलं. "पोटभर जेव, बाई. मग पाथरीला जायचंय."

कशाला, असं राजेश्रीने विचारलं.

मी उठलो, तोच कोनाड्यातला राजेश्रीचा फोन वाजायला लागला. मी वाकून पाहिलं, तिच्या भावाचं नाव होतं. काकूने मला खुणेनेच थांबवलं. फोन वाजू दिला. तिने पदराला हात पुसले, बरणी जवळ ओढली आणि सुनेच्या ताटात एक फोड वाढली. आजवर तिने स्वतःच्या हाताने राजेश्रीला ती कधी वाढली नव्हती.