पुढे चालणारी लेइसा

आमच्या नांत अवेल खोऱ्यात मेंढरं हाकायची ती मागून. माझ्या आज्याने मागून हाकली, बापाने मागून हाकली, मीही जन्मभर मागूनच हाकली. माणूस मागे, कुत्रा त्याच्या आजूबाजूला, तोंडात दोन बोटं घालून सणसणीत शीळ, आणि पुढे पांढरा लोंढा. अख्ख्या खोऱ्यात एकच बाई उलटी होती. ती पुढे चालायची आणि मेंढरं तिच्या मागे. वर ती वळूनही बघायची नाही, कारण तिचे डोळे हातातल्या मोज्यावर असायचे. चालता चालता मोजे विणायची.

ती लेइसा, हाफोद लास नावाच्या घरची. उंचीने एवढीशी, की धुक्यात कळप आधी दिसायचा आणि ती नंतर. लग्न केलं नाही. डोंगरउतारावर दोन खोल्यांचं घर आणि बत्तीस मेंढ्या, एवढाच तिचा संसार. तिचा बाप गेला त्याच हिवाळ्यात बापाचा कुत्रा मॉसही गेला. नवं पिल्लू आणून तयार करायला दोन वर्षं लागतात, आणि मेंढ्या तर महिन्याभरात व्यायच्या होत्या. मग बाईने काय करावं? तिने हाक मारायला सुरुवात केली. "देरे, देरे, होऽऽ!" देरे म्हणजे ये. कोकरू जन्मलं की त्याच्या ओल्या कानात पहिली तीच हाक. ज्यांची आई मेली ती कोकरं चुलीजवळ खोक्यात ठेवायची, बाटलीने दूध पाजायची, आणि पाजताना पुन्हा तेच, देरे, देरे. ती मोठी झाली आणि तिच्या मागे चालू लागली. बाकीची त्यांच्या मागे. कुत्र्याचं काम संपलं.

एकदा ती कळप घेऊन गावातून चालली होती आणि वाटेत मॅगीच्या दुकानात दोरा घ्यायला शिरली. दाराला कडी नव्हती. बत्तीसच्या बत्तीस आत! मॅगी गल्ल्यावर चढून बसली आणि ओरडायला लागली, "अगं लेइसा, यांना बाहेर काढ! निदान रांगेत तरी उभं कर!"

"रांगेतच आहेत," लेइसा म्हणाली. "तुझ्या गिऱ्हाइकांपेक्षा जास्त शिस्तीत आहेत. पांढरा दोरा दे, जाडा."

दोरा घेऊन ती बाहेर आली, आणि मेंढ्याही आल्या. पिठाचं एक पोतं तेवढं फुटलं होतं. त्याबद्दल मॅगीला वर्षभर मोजे मिळाले.

आता ब्रिन एथिन नावाच्या शेतावरचा एलायस रोलँड्स. त्याच्याशिवाय लेइसाची गोष्ट होत नाही. एलायस आमच्या चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, मंडळीचा पंच. चॅपेलात व्यासपीठाच्या खाली पंचांचं मोठं बाकडं असतं, लोकांकडे तोंड करून. त्यावर मधोमध हा बसायचा आणि कोण आलं, कोण नाही, कोणाला डुलकी लागली, सगळं टिपायचा. त्याच्या कॅप आणि फ्लाय या दोन कुत्र्यांनी जिल्ह्याच्या मेंढरं हाकायच्या स्पर्धेत तीनदा पहिला नंबर काढला होता. मंडळीही तो कुत्र्यांसारखीच चालवायचा. कोणी जरा इकडेतिकडे झालं की मागून शीळ आलीच म्हणून समजा. माणूस वाईट नव्हता. पण त्याने शीळ घातली की पाठीला कळायचं.

तो आणि लेइसा शाळेत एका बाकावर शिकलेले, त्यामुळे दोघांची तोंडं मोकळी.

"अगं, ही मेंढरं राखणं आहे की गायनस्पर्धेला पोरी नेणं?" तो कुंपणावरून ओरडायचा.

"तुझी कुत्र्याला घाबरून घरी येतात, एलायस. माझी माझ्याकडे येतात."

"कुत्रा पाळायचा आळस, आणि वर ज्ञान!"

"तुझ्या घरात मेंढरं राखतो कॅप, स्पर्धा जिंकतो कॅप. तू काय करतोस ते सांग की मला एकदा!"

यावर एलायस शीळ घालायचा, पण ती कोणासाठी हे त्यालाही ठाऊक नसायचं.

महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा आमच्या चॅपेलला नवे पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, मिळाले. इद्वाल पॅरी त्यांचं नाव. पोरसवदा माणूस, बंदरावरचा, बाप जहाजावर सुतार. मेंढरू त्यांनी ताटातच काय ते पाहिलेलं. पहिल्याच रविवारी त्यांनी उपदेशाला विषय घेतला धर्मग्रंथातल्या उत्तम मेंढपाळाचा. "मेंढपाळ पुढे चालतो," ते म्हणाले, "आणि मेंढरं त्याचा आवाज ओळखून मागे येतात. तो त्यांना हाकत नाही. पुढे होतो."

आमच्या चॅपेलात हसत नाहीत. त्या दिवशी हसले. आधी मोठ्या बाकड्यावर एलायसचे खांदे हलायला लागले, मग बाकडं हललं, मग सगळी मंडळी. पॅरीसाहेब कानापर्यंत लाल झाले. बिचाऱ्यांना कळेना आपलं काय चुकलं.

बाहेर पडताना दारात एलायसने त्यांचा हात धरला. "पाळकसाहेब, वचन खरं, पण ते गरम देशातल्या मेंढरांचं. मंगळवारी आमच्याकडे या. माझ्या मेंढ्यांच्या पुढे चाला. तुम्ही मागे वळून बघाल तेव्हा त्या शेजारच्या जिल्ह्यात पोचलेल्या असतील!"

पुन्हा हशा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

शेवटच्या बाकावर दाराशी लेइसा बसायची. ती एकटी हसली नव्हती. पाळकांसमोर येऊन म्हणाली, "बरोबर बोललात तुम्ही," आणि गेली आपल्या वाटेने.

त्यानंतर सहा आठवड्यांनी घडलेली ही गोष्ट. ऑक्टोबरात सोमवारी मोठा बाजार भरायचा. वर्षभराची कमाई त्या एका बाजारात. रविवारी आमच्याकडे कोणी कामाला हात लावत नाही. बटाटेसुद्धा शनिवारीच सोलून ठेवतात. म्हणून शनिवारीच अकरा घरांची मेंढरं डोंगरावरून उतरवून नदीकाठच्या कुरणात आणून ठेवायची पद्धत. तीनशेच्या वर होती. त्यात लेइसाची बत्तीस आणि माझी चाळीस. माझं नुकतंच लग्न झालेलं, बायकोला सातवा महिना. त्या चाळिसांवर माझा सगळा हिवाळा उभा होता.

कुरणाच्या तीन बाजूंनी नदी वळसा घालते. चौथ्या बाजूला जुना ओढा आहे, एरवी कोरडा. त्याच्यावर दगडी फरशी, एका गाडीपुरती रुंद. आत-बाहेर करायचा रस्ता तेवढाच. डोंगरावर तीन दिवस पाऊस लागला होता. शनिवारी संध्याकाळी लेइसा एलायसला म्हणाली होती, "उद्या सकाळी मेंढरं वर काढू या."

"उद्या रविवार," एलायस म्हणाला. "माझा आजा पंच होता तेव्हापासून रविवारी मेंढरू हललेलं नाही. नदीला काय, पूर येतो नि जातो."

तो पंच, म्हणून आम्ही सगळ्यांनी त्याचं ऐकलं.

रविवारी सकाळी उपदेश अर्ध्यावर आला होता. आणि लेइसा उभी राहिली. आमच्याकडे उपदेशात कोणी खोकतसुद्धा नाही.

"पाळकसाहेब, माफ करा. नदीचा आवाज बदललाय."

मोठ्या बाकड्यावरून एलायस गरजला, "लेइसा, खाली बस!"

ती बसली नाही. सगळे कान देऊन ऐकायला लागलो, आणि खरंच, खिडकीच्या काचा बारीक थरथरत होत्या. पॅरीसाहेबांनी पुस्तक मिटलं. ते मोठ्या बाकड्याकडे वळले. "एलायसकाका, खड्ड्यात पडलेलं मेंढरू शब्बाथ दिवशी, विश्रांतीच्या दिवशी, वर काढावं की नाही, हे प्रभूने आपणच सांगून ठेवलंय. त्यासाठी पंचांची बैठक नको." आणि व्यासपीठावरून उतरून सरळ दाराबाहेर!

अख्खी मंडळी रविवारच्या काळ्या कपड्यांत नदीकडे पळत सुटली. कुरणाचं बेट झालं होतं. ओढ्यातून तांबूस पाणी धो धो वाहत होतं, फरशी दिसेनाशी झाली होती. पलीकडे मेंढरं उंचवट्यावर दाटीने उभी, आणि उंचवटा बघता बघता लहान होत चाललेला.

एलायसने कुत्री आणवली. ती पोहून पलीकडे गेली. त्या दिवशी त्यांनी जे काम केलं ते स्पर्धेतही केलं नसेल, हे मी सांगतो. मागून गेली, कळप आवळला, पाण्याच्या कडेला आणला. आणि तिथे सगळं अडलं. मेंढीला पाण्याचा तळ दिसला नाही तर ती पाय घालत नाही. मागून कुत्रं भुंकलं की मेंढरं आणखी दाटतात, एकमेकांवर चढतात, आणि फुटून परत मागे. तीनदा आणली, तीनदा फुटली. तिसऱ्यांदा कडेच्या दोन मेंढ्या पाण्यात ढकलल्या गेल्या आणि आमच्या डोळ्यांसमोर वाहून गेल्या. एलायसची शीळ फाटली होती. तोंडातून नुसती हवा निघत होती.

"एलायस, कुत्री बसव," लेइसा म्हणाली.

"वेड लागलंय का? अशाने सगळी मरतील!"

"मागे भीती आहे तोवर ती पुढे बघणार नाहीत. बसव कुत्री."

एलायसने आमच्याकडे पाहिलं. मग पाळकांकडे. मग त्याने हात वर केला आणि हळूच खाली आणला. पलीकडे कॅप आणि फ्लाय पोटावर बसली. पहिल्यांदाच पाण्याचा आवाज एकटा ऐकू आला.

लेइसाने झगा गुडघ्यावर खोचला आणि पाण्यात उतरली. काठीने फरशी चाचपत गेली. पाणी आधी गुडघ्यापर्यंत आलं, मग मांडीपर्यंत. आम्ही बापे दोर धरून फरशीच्या खालच्या अंगाला साखळी करून उभे राहिलो. पॅरीसाहेब माझ्या शेजारी होते. त्यांची हॅट गेली वाहून, दुसऱ्या दिवशी गिरणीच्या चाकात सापडली. लेइसा पलीकडे पोचली. मेंढरांच्या अंगावर गेली नाही. चार पावलं अलीकडे थांबली, त्यांच्याकडे पाठ केली, आणि पुन्हा पाण्यात शिरत हाक दिली.

"देरे, देरे, होऽऽ!"

घरी चहाला बोलवावं तशी! जराही घाई नाही त्या आवाजात.

तिची एक म्हातारी मेंढी होती, चुलीजवळच्या खोक्यात वाढलेली. आम्ही तिला मावशी म्हणायचो. मावशीने कान हलवले. गर्दीतून वाट काढत कडेला आली, पाणी हुंगलं, लेइसाच्या पाठीकडे पाहिलं, आणि पाय घातला.

लेइसाने वळून बघितलं नाही. मला वाटत होतं, बाई, एकदा तरी बघ, येतायत की नाही! नाही बघितलं. चालत राहिली, बोलावत राहिली. मावशीमागे दुसरी, तिसरी, बत्तीसच्या बत्तीस. आणि मग माझी निळ्या खुणेची पहिली मेंढी त्यांच्या मागून पाण्यात उतरली! बाकीच्या मेंढ्यांना लेइसाची हाक माहीत नव्हती, पण पुढच्या मेंढ्यांना कुठे जायचं ते माहीत आहे, एवढं त्यांना पुरलं. एकेरी माळ लागली. पाण्यातून पांढरी माळ, फरशीवरून, आमच्या छातीला घासून. मी माझी मोजत होतो, मोजता मोजता रडत होतो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस!

"सगळी आली!" कोणीतरी ओरडलं.

"नाही आली," एलायस म्हणाला.

त्याचा बक्षीसपात्र मेंढा, नाव रोमन, उंचवट्यावर एकटा उभा होता. मान ताठ. बायांच्या मागे जायचं नाही असं ठरवल्यासारखा. एलायसने फ्लायला हात केला. फ्लाय उठली, तशी रोमनने शिंगं खाली केली आणि तिलाच पाण्यात पळवलं.

सगळे लेइसाकडे बघायला लागले. ती काठावर बसून झग्यातलं पाणी पिळत होती.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "तो मेंढा त्याचा आहे. त्याचा आवाज ओळखत असेल तर येईल."

एलायस उतरला पाण्यात. रविवारचा काळा कोट, घड्याळाची साखळी, सगळ्यासकट. पलीकडे गेला, मेंढ्याकडे पाठ केली. आणि मंडळीच्या पंचाने, तीनदा जिल्हा जिंकलेल्या माणसाने, घसा साफ केला.

"देरे," तो म्हणाला. आवाज फुटला. पुन्हा म्हणाला, "देरे, रोमन. ये रे बाबा."

वळून बघायची त्याला इतकी इच्छा होती, की मान थरथरताना आम्हाला इकडून दिसत होती. पण बघितलं नाही. अर्ध्या फरशीवर आला तेव्हा मागे पाणी खळबळलं. त्याला ते ऐकू आलं. त्याचा चेहरा जसा उजळला तसा मी तीन बक्षिसांच्या दिवशीही पाहिला नव्हता. पॅरीसाहेबांनी भिजल्या अंगाने गाणं सुरू केलं, आम्ही उचललं. चार सुरांत, नदीच्या वरताण!

पुढच्या रविवारी पाळकांनी तेच वचन पुन्हा वाचलं. मेंढपाळ पुढे चालतो. या वेळी कोणी हसलं नाही. एलायस मोठ्या बाकड्यावरून उठला.

"साहेब, त्या दिवशी मी हसलो. आज सर्वांसमोर सांगतो, चूक माझी. पण तुम्हीही एक गोष्ट सांगितली नव्हती."

"कुठली, काका?"

"पुढे चालणाऱ्याला आधी भिजावं लागतं, ही."

आणि तो बाकड्यावर परत बसला नाही. मधल्या वाटेने शेवटपर्यंत गेला आणि दाराशी लेइसाच्या शेजारी जाऊन बसला. ती जरा सरकली.

प्रार्थना संपल्यावर तिने पाळकांच्या हातात कागदाची पुडी ठेवली. आत जाड लोकरीच्या मोज्यांची जोडी, एक मोजा दुसऱ्यापेक्षा चार बोटं लांब.

"पुराच्या दिवशी खिशातला लोकरीचा गुंडा वाहून गेला," ती म्हणाली. "मग लोकर कमी पडली, माप चुकलं. तुम्ही घाला तसेच."

पॅरीसाहेबांनी ते मोजे बावीस वर्षं घातले. आमच्या पोरांची नावं ठेवली, आमची लग्नं लावली, आमच्या म्हाताऱ्यांना पुरलं, शेवटी लेइसालाही. आणि दर वेळी ते पुढे चालायचे, एक मोजा बुटातून वर डोकावत असायचा, आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे.