तोरणाखालची हवा

ती घंटा मी आजही विसरलेलो नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते आणि मी लालबागच्या चौकीत नवा फौजदार होतो. समोरच्या गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यावर आग विझवणारे पाण्याचे पाइप होते. छतातून पाणी सुटलं की त्या प्रवाहाने बाहेरची पितळी घंटा आपोआप वाजे. दसऱ्यानंतर ती आग नसतानाच वाजू लागली, तीही मोर्चाच्या दिवशी.

खबर मुकादमाने आणली. "पंपवाला वाजवतो साहेब. चळवळीचा माणूस आहे. घंटा झाली की खाती रिकामी." या पाइपांना जिथून पाणी सुटे त्या खोलीची चावी पंपवाल्याकडेच होती. आळ सिद्ध झाला असता तर त्याची नोकरी गेली असती, गिरणीच्या चाळीतली खोली गेली असती, वर तुरुंग.

मोर्चाच्याच एका दिवशी त्याला चौकीत आणलं. पन्नाशीचा मालवणी माणूस, शांत.

"घंटा कोण वाजवतं?"

"माका म्हायत नाय, सायबानू. चावी माझ्याकडे, म्हणजे आळ माझ्यावरच येतलो."

तो माझ्यासमोर बसलेला असतानाच पलीकडे घंटा झाली. ऊन तिरपं आत आलं होतं, त्यात कापसाचे तंतू तरंगत होते, आणि आम्ही दोघे स्वप्नात असल्यासारखे ती ऐकत राहिलो.

मी तसाच गिरणीच्या फाटकावर गेलो. दरवानाला विचारलं, आधी काय झालं?

"आधी माणसं बाहेर पडली, मग घंटा. दर वेळी तसंच होतं, साहेब."

मुकादमाने क्रम उलटा सांगितला होता. गिरणीच्या इंजिनिअरला हे सांगताच त्याने उलगडा केला. खाती थांबली की पाण्याचा वापर थांबतो, नळातला दाब एकदम वाढतो. पाइपात हवा अडकली असेल तर ती दबते, पाणी पुढे सरकतं आणि घंटा वाजते. शिवाय खरी आग लागली, तर पाण्याआधी नुसती हवाच येणार.

पंपवाल्याला घेऊन आम्ही शिडीने छताखाली चढलो. पाइपाच्या शेवटी हवा सोडायची तोटी होती. तिच्यावर झेंडूचं वाळलेलं तोरण. दसऱ्याच्या सुट्टीत पाइप रिकामे करून दुरुस्त केले होते, खंडेनवमीला पंपवाल्याने तिथे पूजा केली होती आणि नंतर पाणी भरताना ती तोटी उघडलीच नव्हती.

"देवाक वाह्यलेला फूल आपसूक गळेपर्यंत हात कसो लावतलंय?"

त्याने हात जोडले, तोरण सोडलं, तोटी फिरवली. तोटीतून हवेचा लांब, थंड उसासा सुटला. झेंडूच्या पाकळ्या कापसाच्या धुळीत गोल फिरत खाली गेल्या. हवा सुटतच राहिली, आणि मग पाणी फुरफुरत आलं. मी तक्रार निकालात काढली.

पुढच्या मोर्चाला मी फाटकावर उभा होतो. खाती रिकामी झाली. पंपवाला आणि मी कान देऊन थांबलो. घंटा गप्प राहिली. तेव्हा त्याने चावी दरवानाच्या हाती दिली आणि घोषणा देत माझ्यासमोरून मोर्चात गेला. तो चळवळीचा माणूस आहे, हे मुकादमाचं म्हणणं खरंच होतं. पण तेवढ्यावरून माणूस गुन्हेगार ठरत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.