मान पिवळी की काळी?

मंडळी, आज सकाळी आमच्या देवराईत फजिती झाली आणि मन अजून तिथेच अडकलंय.

वड पिकलाय. वरून मोठ्या पंखांचा आवाज आला आणि नीट न बघताच मी वाडीच्या ग्रुपवर टाकलं, "गरुड इलो!" आम्ही मोठ्या धनेशाला गरुड म्हणतो. बाबा असताना त्याचे पंख वाजले की जेवताना घास हातातच राहायचा. त्याच्या ढोलीचं झाड पडलं आणि तो यायचाच थांबला.

अर्धी वाडी चपला काढून राईत शिरली. मग मी दुर्बीण लावली. गरुडाची मान पिवळी असते, याची काळीभोर. हा त्याचा धाकटा भाऊबंद, ककणेर.

"हो तर नुसतो ककणेर!" म्हणत शेजारच्या काकीने पाठ फिरवली.

पण आमचे गावकर आबाकाका, देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, जोडलेले हात सोडेनात. "बा देवा म्हाराजा, हेचो थोरलो भाव खंय आसात थंयसून तेका परत घेवन ये रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. काकीसुद्धा.

ककणेर वर फळं खात होता. पूर्वी हेही थव्याने यायचे. आज हा एकटाच होता, आणि त्याच्यासाठी देवाकडे कोणीच काही मागितलं नाही.

तुमच्या राईत अजून कोण येतं? त्याच्यासाठी कोणी गाऱ्हाणं घातलंय?