धुरपताच्या बादलीचा नियम

शाळा सुटल्यावर पोरांना बिघडायला हिंगणघाटात जागा पुष्कळ होत्या. सुधारायला मात्र एकच, आमच्या वस्तीमागचं धुरपताचं मैदान. रोज खो-खो, सोमवारी लेझीम, पावसाळ्यात विहाराच्या ओसरीवर शिवण आणि गणित. सगळं फुकट. नियम एवढाच, की नवं पोर आलं तर त्याच्या घरच्या मोठ्या माणसानं विहिरीचं पाणी ओढून अख्ख्या मैदानावर मारायचं.

लोक म्हणत, बाई शिस्तीची. मी समोरच्या पानठेल्यावर बसून हसायचो. हा नियम कोणासाठी केलाय, ते मला ठाऊक होतं ना!

एकाहत्तर साली धुरपता चौदाची होती. शाळेचे ड्रिलमास्तर मधुकरराव तिला म्हणाले, "शाळा सुटली का मैदानावर पाणी मारत जाजो, खो-खोच्या टीममध्ये घेतो तुले." चार महिने पोरगी बादल्या ओढत राहिली. ती धूळ बसवायची, बाकीच्या खेळायच्या. वर्ध्याला सामन्याला निघायच्या दिवशी यादीत तिचं नावच नाही. विचारलं तर मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले, "पाणी मारनारीले पोशाख कायले पाह्यजे?"

पोरी फिदीफिदी हसल्या. धुरपता रडली नाही. रडली असती तर मास्तर सुटले असते.

अठ्ठ्याहत्तरला तिनं हा वर्ग काढला. मास्तरांची टीम तिच्या पोरींनी लागोपाठ तीन वर्षं लोळवली. मी म्हटलं, "झालं ना आता समाधान?"

"नाई काका. थो अजून बादलीपाशी आला नाई."

शहाऐंशीत आला. मास्तर रिटायर झालेले, बोटाला दहा वर्षांची नात. खेळीन तर तिथंच, म्हणून तिनं दोन दिवस अन्न सोडलेलं.

"धुरपताबाई, हिले घ्या."

"घेतो नं. थे बादली, थे विहीर."

"माह्ये गुडघे दुखते वो!"

"माह्या हाताले फोड आलते, मास्तर."

तेव्हा कुठं त्यांनी धुरपताकडे नीट पाहिलं आणि ती पाणी मारणारी पोर ओळखली. मग दोर धरला. मी पान थुंकलो आणि चांगली जागा पाहून बसलो. नात मदतीला धावली, तर धुरपतानं तिला दंडाला धरून थांबवलं. "तू खेळाले आली नं? उभी राह्य."

धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलं. मास्तरांनी बादली खाली ठेवली.

"त्या कोपऱ्यात धूळ राह्यली," धुरपता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक नवा बाप आला आणि विहिरीपाशी बादली शोधू लागला.

"राहू द्या, भाऊ," धुरपता म्हणाली. "पाणी मारून झालं."