ब्रिजखालची हिरडी

बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज गावभर ओळखीचा. चेहरा मात्र फारसा कुणी पाहिलेला नाही. पुढचा एक दात पडला तेव्हा शेजारच्या दोन दातांना कॅप घालून, मध्ये खोटा दात देऊन डॉक्टरीणबाईंनी पक्का ब्रिज बसवला. "जन्माची कटकट मिटली," असं बाईंनी धाकट्या जावेला सांगूनही टाकलं.

पुढे ब्रश करताना तिथून रक्त येऊ लागलं. बाई घाबरल्या आणि त्या जागेला ब्रश लावणंच सोडून दिलं. हिरडी फुगली, जांभळी पडली. बाईंनी कानाडोळा केला. शेवटी जाऊच भांडी विसळता विसळता हळूच म्हणाली, "ताई, रागावू नका, पण तोंडाला वास येतो हो तुमच्या."

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

दुसऱ्या दिवशी माइकसमोर "सुटणारी गाडी" म्हणताना ब्रिज हलला आणि 'सु'ऐवजी शीळच निघाली. बाहेर कुणीतरी फिदीफिदी हसलं. कामाची पाळी संपताच त्यांनी दवाखाना गाठला.

"ब्रिज काढावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्याखालचे दात वाचतील का, ते काढल्यावरच कळेल."

"नाही वाचले तर? बोलण्यावर तर पोट आहे माझं."

डॉक्टरीणबाईंनी ब्रिजच्या कडेला आकडा अडकवला, ठोके सुरू झाले. प्रत्येक ठोका थेट कवटीत. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. खट्‌कन ब्रिज सुटला, आणि जाऊ म्हणत होती तो वास बाईंना पहिल्यांदाच आला. शरमेनं डोळे मिटले.

बारीक सळई हिरडीच्या कडेकडेनं फिरू लागली.

"डावा पक्का आहे."

मग सळई उजव्या दाताभोवती पुन्हा पुन्हा फिरली.

"उजव्याचं हाड झिजलंय. प्रयत्न करू. रक्त येतं म्हणून ब्रश बंद केलात ना?"

बाईंनी मान हलवली.

"खाली घाण साचली होती, म्हणून तर रक्त येत होतं. दात खोटा असला तरी हिरडी तुमचीच आहे ना?"

तात्पुरता ब्रिज बसला. काही आठवडे गाड्या शीळ घालतच सुटल्या, हसणारे हसले. बाई रोज आरशासमोर ब्रिजखालून जाड दोरा ओवून घासू लागल्या. आधी दोरा लाल व्हायचा, मग गुलाबी, मग कोरा निघू लागला. नवा ब्रिजही बसला.

उजव्या दाताचं विचारलं, की डॉक्टरीणबाई अजून "बघू" एवढंच म्हणतात.