सूर्यमाळ ते जव्हार, दोन्हीकडे मिचकावत

जव्हारला लोक धबधबा बघायला जातात, राजवाडा बघायला जातात. मी ट्रकचे मागचे दिवे बघायला गेले. हे मी सांगतेय आणि माझी नात मनीषा तिच्या ब्लॉगवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, त्यामुळे चुका असतील त्या तिच्या.

माझ्या मुलाचा, काशिनाथचा, जुना ट्रक आहे. त्या ट्रकचं पासिंग, म्हणजे आरटीओची तपासणी, जव्हारच्या कॅम्पात होतं. ट्रक पास झाला तर इथेच भात नि नागली वाहायची. नापास झाला तर तो दारात उभा, आणि काशिनाथ सोमवारपासून भिवंडीला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर. तिथल्या शेठशी बोलूनही ठेवलं होतं त्याने. मला ते नको होतं. भिवंडीला गेलेला माणूस होळीला येतो आणि आल्याआल्या परतीची गाडी विचारतो.

आदल्या दिवशी एक इंडिकेटर रुसला. वाटेत मागे उभं राहून दिवे बघायला कोणीतरी हवं, सून माहेरी, मनीषाची परीक्षा. राहिले मी.

उजाडताना निघालो. तुम्ही सूर्यमाळला येणार असाल तर पाणी घरून भरून आणा. उन्हाळ्यात आमच्याकडे मागितलंत तर आम्ही देऊ, पण मनात शिव्याही देऊ. रस्ता वळणांचा आहे, पोट कच्चं असेल त्याने रिकाम्या पोटीच बसावं. पोशेऱ्याच्या अलीकडे मागून एक मोटारसायकलवाला शेजारी आला आणि ओरडला, "काका, वळायचंय कुठं? दोन्हीकडं मिचकावताय!"

काशिनाथने ट्रक कडेला घेतला. "आये, मागं उभी राहा. कोणता पेटतो ते सांग."

"डावा."

त्याने आत काहीतरी केलं. तेवढ्यात मी ट्रकच्या पुढे जाऊन उभी राहिले. आतून तो म्हणाला, "आता?"

"आता उजवा!"

"असं कसं? तुझा उजवा का गाडीचा उजवा?"

"माझा उजवा माझ्यासंगं फिरतो, बाबा. गाडीचा मला काय ठावं?"

आमच्या पाड्यावर डावं-उजवं कोणी म्हणत नाही. मोहाकडचं घर, ओहळाकडचं शेत, असंच सांगतात. इथेही रस्त्याच्या एका अंगाला मोह होता, दुसऱ्या अंगाला ओहळ, मग तसंच ठरवलं. मोहाकडचा दिवा मंद होता. काशिनाथने दोन्हीकडचे बल्ब आपसात बदलले, तरी मोहाकडचाच मंद. म्हणजे बल्ब चांगला. मग उन्हात दिवा दिसेना म्हणून त्याने ट्रक फिरवून उभा केला. मी आपली मंद दिव्याला मोहाकडचाच म्हणत राहिले, आणि त्याने अर्धा तास खपून ओहळाकडून मोहाकडे आलेला चांगला दिवा खोलला. कळल्यावर तो माझ्याकडे बघत राहिला, मी मोहाकडे.

चांगला दिवा पुन्हा बसवून मोखाडा गाठलं. तिथे वडापाव खा, मिरची मागून घ्या, आपणहून देत नाहीत. गॅरेजमध्ये गाड्यांची वायरिंग करणारे अशोकभाऊ भेटले. त्यांनी एक वायर घेतली, एक टोक दिव्याच्या पत्र्याला लावलं, दुसरं खाली चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडाला. दिवा भक्कन पेटला.

"आजी, वीज दिव्यापर्यंत येते, पण परत जायला वाट नाय. अर्थिंग तुटलीय. मग ती दुसऱ्या दिव्यातून वाट काढते."

"आली ती आली, परत कशाला जाते? माहेरी का?"

"परत गेली नाय तर दिवा पेटत नाय."

मला अजूनही हे पटलेलं नाही. पण त्यांनी दिवा खोलला, तर मागे पिवळ्या रंगाचा जाड थर. "रंग कोणी मारला?"

काशिनाथने माझ्याकडे बोट दाखवलं. पासिंगला गाडी रंगवतात, तर मागचा फाळका, माल उतरवताना पाडतात ती फळी, मी रंगवला होता. आयुष्यभर भिंती सारवल्या. एक हात देऊन माझं समाधान होत नाही. त्याने दिवे काढून ठेवले होते, म्हणून मी दिव्याच्या बैठकीवरही तीन हात दिले आणि स्क्रूची भोकंसुद्धा बुजवली. रंगातून वीज जात नाही, हे मला कोणी सांगावं? मुलगा घरी राहावा म्हणून मीच जीव तोडून रंग मारला आणि त्यालाच भिवंडीला धाडत होते.

अशोकभाऊंनी पॉलिश पेपरने माझा रंग खरवडला. हात चुरचुरावा तसं झालं मला.

जव्हारला एसटी डेपोच्या जवळ चहा चांगला मिळतो असं म्हणतात. मी प्यायले, चव आठवत नाही. कॅम्पात साहेब मागे उभे राहिले. "डावा. उजवा. ब्रेक." मी डोळे मिटून घेतले होते, म्हणजे ज्यासाठी आले तेच बघितलं नाही. उघडले तेव्हा साहेब पुढच्या गाडीकडे गेले होते आणि काशिनाथ हसत होता. पास.

घरी आलो. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. बाहेर काशिनाथ फोनवर शेठला सांगत होता, "नाय जमणार, शेठ. काय करू, आये सोडत नाय."

मी? मी तर त्याला एकदाही थांब म्हटलं नव्हतं. एका शब्दाने नाही. मग ह्याला कळलं कसं? का त्याला स्वतःलाच जायचं नव्हतं ते माझ्या नावावर खपवलं? बाहेर जाऊन विचारणार होते. उठलेही. मग म्हटलं, असू दे. विचारायला जावं आणि त्याचं मनच फिरायचं.

भाकरी मात्र एक करपली.