बाबा सकाळीच शर्ट घालून बसले होते

मंडळी, आज नाशिक रोडला आरोग्य विम्यातल्या सुधारणांवर भाषण ऐकलं. वक्ते म्हणाले, “प्रत्येकाच्या हातात विम्याचं कार्ड आलं की काळजी मिटली!”

इथेच त्यांचा मुद्दा घसरतो. कार्ड माझ्या बाबांकडेही होतं.

मागच्या वर्षी डॉक्टरांनी सकाळीच डिस्चार्ज लिहून दिला, तसे बाबा शर्ट घालून खाटेवर बसले. पण बिलाला विमा कंपनीची मंजुरी काही येईना, आणि त्याशिवाय हॉस्पिटल सोडेना. ते सारखं विचारायचे, “आलं का गं अप्रूव्हल? तुझी आई पिठलं करून थांबली असेल.”

मंजुरी संध्याकाळी आली, तेव्हा कुठे बाबा घरी आले. चारच दिवसांनी बाबा गेले.

कार्ड कपाटात आहे अजून. मला ती दुपार हवीय, आई गरम पिठलं वाढतेय आणि बाबा जेवताहेत अशी.

तुमच्या घरचं कुणी असं शर्ट घालून बसलंय का हो?